हाँगकाँगच्या चा-चान-तेंगमधील कामाची बोली

सहकाऱ्याला द्यायच्या सूचनेचे रूप कामाच्या गरजेतून घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे हाँगकाँगच्या चा-चान-तेंगमध्ये, म्हणजे चहा आणि जेवण स्वस्तात पुरवणाऱ्या उपाहारगृहांमध्ये, रुळलेली कँटोनीज बोली होय. १९४५ मध्ये सुमारे सहा लाख असलेली शहराची लोकसंख्या परतलेले रहिवासी आणि चीनमधील यादवी युद्धाचे निर्वासित यांमुळे १९५० च्या सुमारास वीस लाखांवर गेली, आणि पाश्चात्त्य पद्धतीची महागडी उपाहारगृहे ज्यांना परवडत नव्हती अशा कष्टकऱ्यांच्या आधारावर ही दुकाने वाढली; दूध-चहासाठी नावाजलेले ‘लान फोंग युएन’ १९५२ मध्ये रस्त्यावरील टपरी म्हणून सुरू झाले.

अपुरी जागा, गिऱ्हाइकांची रीघ आणि भांड्यांचा गलका यांत वाढप्याला आचाऱ्यापर्यंत मागणी क्षणात आणि बिनचूक पोहोचवावी लागे, त्यामुळे सूचनेतून आज्ञार्थी क्रियापद गळाले आणि पदार्थ, नग व अपवाद एवढेच उरले. ‘चाऊ’, म्हणजे निघून जाणे, या शब्दाने एखादा घटक वगळण्याची खूण होते: ‘फेई सा चाऊ नाई’, म्हणजे वाळू उडाली नि दूध निघून गेले, अशी हाक आली की साखर आणि दूध न घालता कॉफी द्यायची, हे आतल्याला कळते. साध्या भाताला ‘लेंग चाय’, अर्थात देखणा तरुण, आणि बांधून न्यायच्या पदार्थाला ‘हांग काई’, अर्थात रस्त्यावर फेरफटका, असे म्हणतात.

हीच काटकसर चिठ्ठीवरही दिसते. भातासाठीच्या चिनी अक्षराचा डावा भाग गाळून उजवा तेवढा लिहितात. लिंबू-चहासाठी शून्य आणि इंग्रजी ‘टी’ ही दोनच चिन्हे पुरतात, कारण लिंबू आणि शून्य यांचे कँटोनीज उच्चार बोलताना जवळजवळ एक होतात, तर ‘टी’ हे चहाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. वसाहतीतील दोन भाषांचा सहवास असा कष्टकऱ्यांच्या हातून कागदावर उतरला.

ही बोली नवशिक्या कामगाराने जुन्याजाणत्यांच्या हाका ऐकत आत्मसात केली. दूध-चहा करण्याच्या कौशल्याला २०१७ मध्ये हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान मिळाले. मात्र चहा गाळणारा हात आणि त्याला मागणी कळवणारा आवाज एकाच श्रमव्यवस्थेचे भाग असल्याने, मागणी पडद्यावर नोंदवण्याची पद्धत रुळत असताना या हाकांची नोंद त्याच आस्थेने होणे अगत्याचे आहे.