संघत्याग आणि सरहद्द : आयर्लंड बेटाचा दुहेरी अनुभव

प्रस्तावना

एखादे राष्ट्र राजकीय व आर्थिक संघातून बाहेर पडते, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने सार्वभौमत्व आणि व्यापार या दोन मुद्द्यांकडे जाते. सरहद्दीचा प्रश्न दुय्यम मानला जातो. वास्तविक काल जेथे अंतर्गत व्यवहार होता, तेथेच संघत्यागानंतर दोन जकात-व्यवस्था समोरासमोर येतात. ही हद्द कोठे आखावी आणि तिचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न आयर्लंड बेटावर शंभर वर्षांत दोनदा उद्भवला. या दोन अनुभवांचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिला संघत्याग

१ जानेवारी १८०१ पासून आयर्लंड व ग्रेट ब्रिटन यांचे एकच राज्य होते. १९२१ च्या तहानुसार डिसेंबर १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले. उत्तरेकडील सहा काउंटी मात्र युनायटेड किंग्डममध्येच राहिल्या. १ एप्रिल १९२३ रोजी दोहोंच्या सरहद्दीवर जकात नाकी सुरू झाली. डेरी शहराची बाजारपेठ ज्या डोनेगलवर अवलंबून होती, तो प्रदेश परराज्यात गेला. सीमा आयोगाच्या कामातूनही काही निष्पन्न झाले नाही आणि १९२५ मध्ये आहे तीच रेषा कायम करण्यात आली.

राजकीय बंधन तुटले, तरी आर्थिक अवलंबित्व तुटले नाही. १९२८ मध्ये काढलेले आयरिश चलन १९७९ पर्यंत ब्रिटिश पौंडाशी समान दराने जोडलेले होते. १९३२ मध्ये डी व्हॅलेरा यांच्या सरकारने जमीन-कर्जाचे हप्ते ब्रिटनला देण्याचे नाकारताच ब्रिटनने आयरिश गुरांवर व शेतमालावर जबर शुल्क लादले. हे ‘आर्थिक युद्ध’ १९३८ च्या करारापर्यंत चालले आणि त्याची सर्वाधिक झळ गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांना बसली.

सरहद्दीचे विरघळणे

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन व आयर्लंड एकाच दिवशी युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले. १९९३ मध्ये एकल बाजारपेठ अस्तित्वात आल्यावर जकात तपासणी संपली. सुमारे ३,५०० बळी घेणाऱ्या तीन दशकांच्या संघर्षानंतर १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला व पुढे लष्करी चौक्याही हटल्या. सुमारे ५०० किलोमीटरची ही सरहद्द दैनंदिन जीवनातून जवळजवळ नाहीशी झाली. शांतता कराराला समान बाजारपेठेचा आधार होता, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

दुसरा संघत्याग

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनमधील ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ५५.८ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने पडली. जमिनीवरील सरहद्द पुन्हा उभी करणे शांततेस धोक्याचे होते; न करावी, तर ब्रिटनला युरोपच्या नियमांत अडकून पडावे लागत होते. प्रामुख्याने याच पेचामुळे जानेवारी २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले आणि वर्षअखेरीस संक्रमणकाळ संपला. मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंडला युरोपचे नियम लागू राहिले. परिणामी तपासणी जमिनीवरून आयरिश समुद्रात, म्हणजे एकाच राज्याच्या दोन भागांमध्ये आली. याच्या निषेधार्थ डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांतिक सरकार सोडले. ते फेब्रुवारी २०२४ मध्येच पुन्हा स्थापन झाले. दरम्यान २०२३ च्या विंडसर आराखड्याने तपासणी सौम्य केली, पण संपविली नाही.

समारोप

दोन्ही प्रसंगी संघत्यागाचा निर्णय प्रामुख्याने सार्वभौमत्वाच्या नावाने झाला. त्याची किंमत मात्र सीमाभागातील व्यापारी, शेतकरी व सामान्य रहिवासी यांच्याकडून अधिक वसूल झाली. १९२३ मध्ये हद्द जमिनीवर आली, २०२१ मध्ये समुद्रात गेली. तिची जागा बदलता आली, तिचे अस्तित्व टाळता आले नाही. संघत्यागाची तारीख एक असते. त्याचे परिणाम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतात. म्हणून अशा घटनांचे मूल्यमापन राजधानीतील मतमोजणीवरून न करता सरहद्दीवरील जीवनावरून करणे अधिक इतिहासनिष्ठ ठरेल.