चाळीस आणि एकोणीस

धाकटे काका मुंबईत लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटर असेंबल करायचे. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे स्टुलावर ठाण मांडून असे. मशीन जुळलं की काका आधी लोटस वन-टू-थ्री हा हिशेबाचा प्रोग्राम चालवून बघत, मग फ्लाइट सिम्युलेटर हा विमानाचा खेळ. स्क्रीनवर शिकागोची धावपट्टी दिसली की म्हणत, "पास!" खेळ माझ्यासाठीच लावतात असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं तर ती परीक्षा होती. हे दोन्ही प्रोग्राम मधल्या ऑपरेटिंग सिस्टीमला न विचारता थेट हार्डवेअरला हात घालत. नक्कल जराशी फसली असेल, तर मशीन तिथेच हँग.

नक्कल कुणाची, तर आयबीएमची. काकांना त्या कंपनीबद्दल माहेरासारखी ओढ होती. सत्तरच्या दशकात एका गिरणीच्या हेड ऑफिसात, आयबीएमच्या भाड्याच्या मशीनसाठी त्यांनी कार्डं पंच केली होती. मग सरकारने परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. कंपनीने नकार दिला आणि १९७८ साली भारतातला गाशा गुंडाळला. "भागीदार नको होता त्यांना," एवढंच काका म्हणत.

पुढची गोष्ट मात्र ते रंगवून सांगत. भागीदार नको म्हणणाऱ्या याच कंपनीने १९८१ साली पीसी काढला तो सगळा बाहेरच्यांच्या मालावर. घाई होती ना! प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. तीही मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून घेतलेली, आणि इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे राखून दिलेली. आयबीएमचं खास स्वतःचं म्हणावं असं उरलं बायोस. मशीन सुरू होताच जागा होणारा, चिपमधला छोटासा प्रोग्राम.

ह्यूस्टनमध्ये १९८२ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडलेल्या तिघांनी कॉम्पॅक काढली आणि नेमका तो बायोस नव्याने लिहवून घेतला. कसा? काकूसमोर काका सांगत, "शेजारणीची पाककृतीची वही एकीने वाचायची, पण उतरवायची नाही. पदार्थ कसा व्हायला हवा तेवढं दुसरीला सांगायचं. दुसरीने वही न बघता रांधायचं. मग चोरी कोण म्हणेल?" काकू म्हणे, "शेजारीण म्हणेल." पण कायद्यात ते बसलं. कॉम्पॅकचं 'पोर्टेबल' मशीन सुमारे तेरा किलोचं होतं, तरी १९८३ या विक्रीच्या पहिल्याच वर्षात कंपनीने अकरा कोटी डॉलरच्या वर धंदा केला. मग फिनिक्ससारख्या कंपन्यांनी असा बायोस तयारच विकायला काढला आणि आमच्या जिन्याखालीसुद्धा पीसी बनू लागला.

३८६ प्रोसेसरचं मशीन १९८६ साली कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी आणलं. दुसऱ्या वर्षी आयबीएमने पीएस/२ हे नवं मशीन काढून, आत जोडकार्डं बसतात त्या खाचाच बदलल्या. ज्याला वापरायच्या त्याने परवाना घ्यावा. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी खाच ठरवली. म्होरक्या मागे वळून बघतो तर मागे कुणी नाही! खरी मलई तोवर इंटेल आणि मायक्रोसॉफ्टकडे चालली होती. कॉम्पॅकही पुढे २००२ साली एचपीच्या पोटात गेली.

डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदा चीनच्या लेनोवोला विकायचं ठरवल्याची बातमी आली. दुकान केव्हाच बंद झालं होतं. काकांनी पेपर डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचला. मोबदल्यात आयबीएमला पैशांबरोबर लेनोवोत सुमारे १९ टक्के हिस्सा मिळणार होता.

"बघ," ते म्हणाले, "चाळीस नको होते. एकोणीसवर आले."