दिनविशेष : १२ ऑगस्ट – नगरचा भुईकोट

मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या आणि चांदबिबीने मोगलांच्या वेढ्यात प्राणपणाने राखलेल्या या नगरीचा भुईकोट, दौलतराव शिंद्यांच्या अंमलाखाली असता, १८०३ साली आजच्या दिवशी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या स्वाधीन झाला. ८ ऑगस्टला शिड्या लावून इंग्रजी फौजेने पेठेचा तट सर केला होता; त्यानंतर कोटावर तोफांचा मारा सुरू झाला आणि पेठ पडल्यापासून अवघ्या चार दिवसांत किल्लेदाराने कोट खाली केला. हुसेन निजामशहाने पाषाणात बांधविलेला, विस्तीर्ण खंदकाने वेढलेला हा दुर्ग इतक्या सत्वर जावा, याची हळहळ नगरकराला आजही वाटते. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्येच नेहरू, आझाद, पटेल प्रभृती नेते येथे स्थानबद्ध झाले आणि याच भिंतींआड १९४४ मध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला.