दोन लिफाफ्यांतले मत

टपाली मतपत्रिकेसोबत मतदाराच्या हाती जे कागद पडतात त्यांत दोन लिफाफे असतात, एक लहान आणि एक मोठा. आणि आपल्या निवडणूक कायद्याचे शहाणपण व त्याची कठोरता ही दोन्ही या जोडीत साठवलेली आहेत. खूण केलेली मतपत्रिका लहान लिफाफ्यात घालून तो बंद करायचा, नमुना 13-अ या घोषणापत्रावर अधिकृत इसमासमक्ष सही करून साक्षांकन घ्यायचे, आणि मग तो बंद लिफाफा व घोषणापत्र मोठ्या लिफाफ्यात घालून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे रवाना करायचे. मोजणीच्या वेळी आधी मोठा लिफाफा उघडतात. त्यात घोषणापत्र सापडले नाही, त्यावर सही वा साक्षांकन नसले, किंवा त्यावरील मतपत्रिकेचा अनुक्रमांक लहान लिफाफ्यावरील अनुक्रमांकाशी जुळला नाही, तर लहान लिफाफा उघडलाच जात नाही, आणि आत कोणाच्या नावापुढे खूण आहे हे कोणालाही न कळता ते मत बाद होते. घोषणापत्र नजरचुकीने लहान लिफाफ्यात सरकवणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी नियमाला तो दिसत नाही.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघातील यंत्रांवरची मोजणी संपली तेव्हा दोघा प्रमुख उमेदवारांत अवघ्या 1 मताचे अंतर होते. टपाली मतांनी ते पालटले आणि निकाल 48 मतांनी लागला. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका 111 होत्या.

वास्तविक या लिफाफ्यांसोबत नमुना 13-ड नावाचे एक सूचनापत्रही येते, आणि काय करावे हे त्यात क्रमाने लिहिलेले असते. माझ्या मते टपाली मतदानाच्या सर्व दस्तऐवजांत हाच कागद सर्वांत मोलाचा, आणि बहुधा सर्वांत कमी वाचला जाणारा.

दूरस्थाच्या मताची तजवीज आपल्या प्रजासत्ताकाच्या आरंभापासूनच आहे. निवडणूक आयोग 25 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाला, 1950 आणि 1951 चे लोकप्रतिनिधित्वाचे दोन कायदे झाले, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच सैनिकाला टपालाने मत देता आले. यामागची कल्पना थोर होती: साताऱ्याजवळच्या ज्या आपशिंग्याला सारा मुलूख ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखतो, तिथला जवान हिमालयाच्या पायथ्याशी पहारा देत असला तरी तो आपल्या गावचाच मतदार राहावा. परंतु उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याखेरीज मतपत्रिका छापता येत नाही, आणि मोजणीस आरंभ होण्याच्या नेमलेल्या वेळेनंतर आलेला लिफाफा स्वीकारला जात नाही. या दोन तारखांच्या मधल्या थोड्या दिवसांत तो कागद छापखान्यातून निघून बर्फातल्या चौकीपर्यंत जाऊन पुन्हा जिल्ह्याच्या कचेरीत यायचा. कित्येकांची मते अशी टपालाच्या थैलीतच शिळी झाली असतील.

2003 मध्ये सैनिकाला स्वतःच्या मतदारसंघातील एखाद्या इसमास प्रतिनिधी नेमण्याची मुभा मिळाली. त्या प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या तर्जनीला स्वतःच्या मताची शाई, आणि सैनिकाच्या मताची शाई मधल्या बोटाला. एकाच हातावर दोन माणसांच्या हक्काच्या खुणा पाहून मला नेहमीच गहिवर येतो. 2016 पासून मतपत्रिका विद्युत्संदेशाने जाऊ लागली. सैनिक ती छापून, खूण करून टपालाने परत धाडतो, म्हणजे प्रवासाची अर्धी वाट तरी वाचली. आणि एक विसंगती सत्तर वर्षे कायद्यात राहिली: सैनिकाची पत्नी त्याच्याबरोबर राहत असेल तर तिलाही हा हक्क होता, पण सैन्यातील स्त्री-अधिकाऱ्याच्या पतीला नव्हता. 2021 च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ या अर्थाचा शब्द घातला.

‘अनुपस्थित मतदार’ हा वर्ग नियमांत आला तो ऑक्टोबर 2019 मध्ये. ऐंशी वर्षांवरील वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांनी नमुना 12-ड भरून द्यावा, मग अधिकाऱ्यांचे पथक घरी येऊन मत घेईल, अशी ही व्यवस्था. अर्जाला निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाचच दिवसांची मुदत. मार्च 2024 मध्ये वयाची अट 85 झाली, आणि इथेच अचूक माहितीचे महत्त्व कळते: शेजाऱ्याने गेल्या वेळी सांगितलेले खरेच होते, पण त्या वेळेपुरते, आणि त्याच्या भरवशावर घरी वाट पाहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींकडे कोणतेही पथक येणार नव्हते. शिवाय ज्याने घरून मत देण्याचा पर्याय स्वीकारला त्याच्या नावापुढे यादीत तशी नोंद होते, आणि मग मतदान केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. केंद्रस्तरीय अधिकारी आणि 1950 हा दूरध्वनी क्रमांक, या दोन ठिकाणी चौकशी करण्याला पर्याय नाही.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांची गोष्ट निराळी. अमेरिकेतले शेजारी मतदानदिनाच्या कित्येक दिवस आधी मत देऊन मोकळे होताना ते पाहतात. आपल्या कायद्यात सामान्य मतदाराला तशी सोय नाही. 2010 च्या दुरुस्तीने अनिवासी नागरिकाला यादीत नाव मिळाले, पण पारपत्र घेऊन समक्ष येण्याच्या अटीवर. 2018 मध्ये त्यांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ पाहणारे विधेयक लोकसभेत संमत झाले आणि पुढे लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. तरी 2019 च्या आरंभी त्यांना संगणकावरून मत देता येईल असा खोटा निरोप हातोहात फिरला, आणि आयोगाला पोलिसांत तक्रार द्यावी लागली.

सर्वांत अधिक टोचते ते मात्र बीडच्या ऊसतोड कामगारांचे. 2024 मध्ये गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते. कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत उतरलेला हा मतदार ना सैनिक, ना निवडणूक कर्मचारी, ना पंच्याऐंशी वर्षांचा. जानेवारी 2023 मध्ये आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना पक्षांसमोर मांडला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. मुकादमाने उचल दिलेली, बैलगाडी जुंपलेली, पाले ठोकलेली, आणि नाव दोनशे किलोमीटर मागे गावच्या यादीत. या माणसाने भरावा असा कोणताही नमुना, 12 नाही, 13 नाही, अद्याप छापला गेलेला नाही.