गोठलेले भाडे, खचलेल्या चाळी

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्यांमुळे मुंबईत माणसांचा लोंढा आला. चाळ बांधून खोल्या भाड्याने देणे ही तेव्हा खात्रीची गुंतवणूक मानली जाई.

२/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई विकोपाला गेली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरू बेघर होऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

३/ महागाई मात्र वाढतच राहिली. भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. खोलीच्या हस्तांतरासाठी रोख ‘पागडी’ घेणे कायद्याने गुन्हा ठरले, तरी व्यवहारात रुळले.

४/ १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्ती मंडळाची तरतूद केली. पुढे १९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मूळ भाडेच नगण्य असल्याने फरक अल्प पडला.

५/ मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची. देखभालीचा भार कुणालाच परवडेना. भाडेकरूचे छप्पर वाचवणाऱ्या कायद्याच्या सावलीतच ते छप्पर जीर्ण होत गेले.