वेण्णा लेक कुणी बांधला?

मंडळी, आजचा भाग ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या फोनमध्ये वेण्णा लेकवरचा एक तरी फोटो असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. पॅडल बोट, मागे झाडी, हातात कणीस. नाहीतर काठावरचा घोडा आणि त्याच्यावर घाबरून बसलेला कुणीतरी लहान भाऊ.

मी त्याच गावात वाढलो. महाबळेश्वरच्या बाजारापासून लेक दोन-अडीच किलोमीटरवर, पाचगणीच्या रस्त्याला. आमच्या घरी वर्षाचे दोनच भाग असायचे: सीझन आणि पाऊस. सीझनमध्ये कुणाला बोलायला वेळ नाही आणि पावसात बोलायला कुणी नाही. लेक आम्हाला इतका ओळखीचा की त्याच्याकडे कुणी बघायचंच नाही.

काही वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता, मुलीला घेऊन. बोटीत बसल्यावर ती म्हणाली, "काका, हा लेक पहिल्यापासून इथेच आहे का?" मी बेधडक सांगितलं, "हो गं, निसर्गच आहे हा सगळा." आणि घरी आल्यावर, का कोण जाणे, जरा वाचायला घेतलं. उत्तर चुकलं होतं. हा लेक १८४२ साली साताऱ्याच्या राजानं बांधून घेतला. वेण्णेच्या ओढ्याला बांध घातला आणि पाणी अडवलं. राजाचं नाव शहाजी, पण लोक त्यांना आप्पासाहेब महाराज म्हणायचे.

ठीक आहे, राजानं तळं बांधलं, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण १८४२ ही तारीख जरा थांबून बघा. तीनच वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, साताऱ्याच्या गादीवर दुसराच माणूस होता. आप्पासाहेबांचा सख्खा मोठा भाऊ. आणि महाबळेश्वरची ही जागा इंग्रजांना दिली होती ती त्या मोठ्या भावानं.

आता थोडं मागे जाऊ.

लहानपणी आम्ही ऐकलं ते असं, की महाबळेश्वर लॉडविक नावाच्या इंग्रजानं शोधलं. शोधलं म्हणजे काय, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जिथे पंचगंगेचं देऊळ आहे, ते बाजारापासून सहाएक किलोमीटरवर. तिथे १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला केली. प्रतापगड इथून हाकेच्या अंतरावर. डोंगरात कोळी होते, धनगर होते, कुळवाडी शेतकरी होते. आणि धावड होते. ही नावं टूरिस्ट गाइडच्या तोंडी फारशी येत नाहीत. धावड म्हणजे इथल्या तांबड्या जांभ्या दगडातलं लोखंड वितळवून काढणारे मुसलमान कारागीर. पुढे जळण महागलं, विलायतेचं स्वस्त लोखंड आलं, आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. तर शोधायला इथे काही हरवलेलं नव्हतं.

लॉडविक १८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतून डोंगर चढून वर आला. हवा थंड, जागा सुंदर, आणि खाली मुंबईच्या उकाड्यानं तापाने फणफणणारे गोरे सोल्जर. त्यानं ही गोष्ट कळवली. पाठोपाठ साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज आला, त्यानं इथे बंगला बांधला आणि राजाला गळ घातली की साताऱ्याहून वर रस्ता करा. राजानं रस्ता केला. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले. त्यांना जागा इतकी आवडली की पुढच्याच वर्षी अदलाबदलीचा करार झाला: डोंगरावरची ही जागा कंपनीला, आणि बदल्यात राजाला वाई भागातलं खंडाळा गाव. (लोणावळ्याजवळचं नव्हे बरं का, साताऱ्याचं.) नव्या वस्तीला गव्हर्नरच्या नावावरून माल्कमपेठ म्हणू लागले.

हा करार करणारे राजे म्हणजे प्रतापसिंह महाराज. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली एल्फिन्स्टननं त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. नामधारी असतील असं कंपनीला वाटलं असावं. पण हा माणूस कामाचा निघाला. रस्ते, शाळा, साताऱ्यात पाण्याची सोय, छापखाना. रोजनिशी लिहिणारा राजा. कंपनीशी मैत्री आहे, करार आहे, आणि करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, अशी त्यांची समजूत होती. मला विचाराल तर त्यांची हीच चूक झाली.

कारण १८३०च्या दशकात हक्कांवरून खटके उडू लागले. कुठल्या जहागिरी कुणाच्या, कुठला अधिकार कुणाचा. मग एक दिवस आरोप आला: महाराज कंपनीच्या हिंदी शिपायांना फितवतात. नंतर त्यात गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान आणि नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार अशी भर पडत गेली. १८३६ मध्ये साताऱ्यात गुप्त चौकशी समिती बसली. तीन सभासद. एक विलोबी, एक ओव्हान्स. तिसरा कोण असेल?

लॉडविक. तोच. तोवर तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला होता.

हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवला. लॉडविक पॉइंटवर त्याच्या मुलानं उभारलेला स्तंभ आहे, मी शाळेत असताना त्या स्तंभाभोवती पकडापकडी खेळलोय. त्यावर कोरलंय, की या डोंगरावर पाय ठेवणारा हा पहिला युरोपियन, आणि साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून याची हिंदुस्थानातली कारकीर्द संपली. दोन्ही खरं. चौकशीबद्दल अक्षर नाही. अर्थात बापाच्या स्मारकावर मुलगा आणखी काय लिहिणार म्हणा.

१८३९ मध्ये नवे गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आले. प्रतापसिंहांसमोर कागद ठेवला: चूक कबूल करा, सही करा, गादी शाबूत राहील. महाराजांनी सही केली नाही. न केलेला गुन्हा कबूल करून राज्य राखायचं नाही, इतकी साधी गोष्ट. सप्टेंबरमध्ये त्यांना गादीवरून उतरवलं आणि पुढे काशीला रवाना केलं. तिथेच १८४७ मध्ये ते गेले. सातारा परत दिसला नाही.

गादीवर आले धाकटे भाऊ आप्पासाहेब. त्यांनी १८४२ मध्ये आपला वेण्णा लेक बांधला.

आता आप्पासाहेबांना व्हिलन करायचा मोह होतो. मला तो मोह झाला होता, म्हणजे या भागाचा पहिला मसुदा तसाच होता. पण मग एप्रिल १८४८ येतो. मोठ्या भावानंतर सहा महिन्यांच्या आत आप्पासाहेबही वारले. मरणाआधी काही तास त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीनं दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा केलं. सही न करणारा भाऊ आणि कंपनीच्या मर्जीनं चालणारा भाऊ, दोघांच्या वाटेच्या शेवटी एकच पाटी. गंमत म्हणजे ज्या ब्रिग्जनं रस्ता करून घेतला होता, तो इंग्लंडला परतल्यावर डलहौसीच्या या खालसा धोरणाविरुद्ध कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बोलत राहिला. इंग्रजही सगळे एका साच्यातले नव्हते.

आणि रंगो बापूजी गुप्ते राहिलेच. प्रतापसिंहांचे वकील. धन्याची बाजू मांडायला ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे अर्ज, सभा, भेटीगाठी करत राहिले. धनी वारले, राज्य गेलं, तरी हे तिथेच. १८५३ मध्ये रिकाम्या हातानं परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा बेत फुटला आणि गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. पुढे त्यांचं काय झालं याच्या कथा सातारा भागात घरोघरी वेगवेगळ्या आहेत.

हे सगळं चालू असताना माल्कमपेठेत काय चालू होतं? तिथे रस्ते तयार होत होते. ते बांधणारे हात कुणाचे होते, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. चिनी आणि मलायी कैद्यांचे. सिंगापूर-मलाक्काकडच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा झालेले लोक समुद्र ओलांडून या डोंगरावर आणले होते. सुमारे एकशेवीस जणांचा तुरुंग होता इथे. गावातले बरेच रस्ते त्यांनी घडवले. तुरुंगाच्या बागेत बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. आज पॉइंट बघायला तुमची टॅक्सी ज्या वळणांवरून जाते त्यातली काही वळणं त्या माणसांनी फोडलेल्या दगडावर आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुठल्या पॉइंटला नाही. पॉइंटांना नावं आहेत एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर, माल्कम.

पुढचं तुम्हाला साधारण माहिती असेल, म्हणून पटकन सांगतो. मुंबई सरकार उन्हाळ्यात इथे यायचं, पावसाळ्यात पुण्याला जायचं. पारशी, गुजराती शेटजींचे बंगले झाले. स्ट्रॉबेरी आली, रुजली, आणि २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला जीआय मिळालं. २००१ मध्ये केंद्रानं महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. त्यामुळे घरावर एक खोली चढवायची तरी इथल्या माणसाला नियम तपासावे लागतात, यावर गावात रोज कुरकुर असते. मीही केलीय. पण तो नियम नसता तर लेकच्या काठावर आज काय उभं असतं, ते सीझनचं ट्रॅफिक बघून कळतं.

इथे राहण्याबद्दल मात्र थोडं सावकाश सांगतो, कारण फोटोत ते येत नाही.

इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या दुपटीहून जास्त. जून लागला की दुकानं, घरं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली जातात. पूर्वी गवताच्या तट्ट्या बांधायचे. कपडे चुलीवर नाहीतर हिटरवर सुकवायचे. धुकं दारातून आत येतं आणि गाद्यांना वास लागतो. आणि इतका पाऊस पिऊनही मे महिन्यात पाण्याची चिंता असते, कारण उतारावरून पाणी थांबत नाही, खाली पळतं. जे थांबतं ते बांध घातला तिथे. म्हणजे वेण्णा लेकमध्ये. गावाच्या नळाला येणारं पाणी या लेकचं. पाचगणीलाही इथूनच जातं. पाहुणा ज्या पाण्यावर पॅडल मारतो, तेच आम्ही गाळून पितो. मे महिन्याच्या शेवटी सगळं हॉटेल भरलेलं असताना काठाची ओली माती उघडी पडायला लागली की आई पाण्याचा पिंप आधी भरून ठेवायची. पाहुणे त्याच मातीवर उभं राहून सूर्यास्ताचे फोटो काढायचे.

आणि थंडीत पहाटे लेकच्या जेटीवर, गाड्यांच्या टपावर, गवतावर दंव गोठतं. बातम्यांत त्याला मिनी काश्मीर म्हणतात. स्ट्रॉबेरीवाले तेव्हा वाफे झाकायला धावत असतात.

प्रतापसिंहांनी जमीन दिली तेव्हा त्यांना वाटलं असेल, पाहुणे आहेत, हवा खायला आलेत. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे दहा वर्षांत उलटं झालं. सीझनमध्ये स्वतःच्याच गावात पार्किंग शोधत फिरताना मला हे जरा जास्तच आठवतं, पण ती तुलना मी ताणणार नाही. तुम्ही या. तुम्ही आलात तरच आमच्या घरी दिवाळी. फक्त नळ बंद करा.

मावसभावाची मुलगी परत आली होती गेल्या दिवाळीत. आता कॉलेजला आहे. पुन्हा बोटीत बसलो आणि मी म्हटलं, "तुला मागे चुकीचं सांगितलं होतं गं, हा लेक राजानं बांधलाय." ती म्हणाली, "कुठला राजा?" मी प्रतापसिंहांपासून सुरुवात केली. तिनं कानातलं एक इअरबड काढलं. मग दुसरंही काढलं. बोट अर्ध्या तासाची असते. वेळ संपली म्हणून काठावरून शिट्टी वाजली, तेव्हा रंगो बापूजी अजून लंडनमध्येच होते.