सोलापूरच्या वेशी, पेठा व नंदीध्वजांचा मार्ग

सोलापूरच्या इतिहासाची साधने म्हटली की संग्राहकांची दृष्टी प्रथम सनदा, महजर व शिलालेख यांकडे जाते. गावाची रचना हेही एक साधनच होय. निरनिराळ्या काळी वसलेल्या पेठा एका गावात कशा गोवल्या गेल्या, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम वेशी घेऊ. मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याने आधी तटबंद पेठ हस्तगत केली व मग किल्ला घेतला. यावरून ही दोन स्वतंत्र ठाणी होती हे उघड आहे. तुळजापूर वेस व विजापूर वेस ही नावे बाहेरच्या मुक्कामांची आहेत. म्हणजे वेस गावास परगावाशी जोडी; पेठेस पेठेशी जोडणे हे तिचे काम नव्हे. १८७२ च्या सुमारास वाढत्या वस्तीसाठी नगरपालिकेने पूर्वेचा सगळा तट व नैर्ऋत्य आणि उत्तर बाजूंचा काही भाग पाडला. तट गेला, वेशींची नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली.

पुढे गावाचा ओढा दुभागला. १८६० साली आगगाडी आली व १८७७ साली कापडाची गिरणी सुरू झाली, तेव्हा वस्ती स्टेशनाकडे सरकली. इकडे पूर्वभागात तेलंगणातून आलेल्या विणकरांची दाट वस्ती झाली. अशा स्थितीत जुन्या कसब्याशी सर्वांचा संबंध टिकवणारे सूत्र कोणते?

आमच्या मते ते सूत्र नंदीध्वजांच्या मार्गात सापडते. बाराव्या शतकातील श्रीसिद्धरामेश्वरांनी गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापिली, अशी परंपरा आहे. संक्रांतीच्या यात्रेत उत्तर कसब्यातील हिरेहब्बूंच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघतात व या लिंगांस तैलाभिषेक होतो. त्याच यात्रेत तळ्याकाठी अक्षतासोहळा होतो. ध्वजांचा मान एकाच समाजाकडे नसून माळी, विश्वब्राह्मण, मातंग आदी समाजांत वाटलेला आहे. वेशीच्या वाटा गावाबाहेर धावतात. ही वाट गावाभोवती फिरून पुन्हा गावातच येते.

देवाची वाट ती व्यवहाराची नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु उंच ध्वज उभे धरून न्यावयाचे, तर वाट दरवर्षी मोकळी ठेवावीच लागते. तिच्यावर ओटे व पडव्या सहसा पुढे सरकू शकत नाहीत. यास्तव जुन्या रस्त्यांची ओळख पटविण्यास हा मार्ग तटाच्या अवशेषांहून अधिक भरवशाचा आहे, असे आमचे अनुमान आहे.

अनुमानास कागदाचा आधार हवा. मानपानाचे तंटे, वाटेचे निवाडे, घरांच्या चतुःसीमा सांगणारी खरेदीखते हे कागद किरकोळ समजून रद्दीत जातात. ज्यांच्या दप्तरात ते असतील त्यांनी त्यांच्या नकला करून ठेवाव्या, एवढीच आमची विनंती आहे. एकेका चतुःसीमेत एकेक हरवलेला बोळ सापडण्याचा संभव आहे.